जुळी यंत्रे, निराळी ओळख

एकाच वर्गात दोन जुळी भावंडे असली की गुरुजींची थोडी पंचाईत होते. चेहरा सारखा, उंची सारखी, आवाजही सारखाच. तरीही शाळेचे काम अडत नाही. हजेरीपटावर दोघांची नावे निराळी असतात आणि परीक्षेत दोघांचे बैठक क्रमांकही निराळे असतात. आता समजा, दोघांनाही एकच बैठक क्रमांक मिळाला. मग दोघेही एकाच बाकावर हक्क सांगतील. एकाची उत्तरपत्रिका दुसऱ्याच्या नावावर जमा होईल, आणि निकालाच्या दिवशी कोणाचे गुण कोणते हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणजे 'सारखे असणे' आणि 'एकच असणे' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

संगणकाच्या क्षेत्रात हाच प्रश्न एका विलक्षण रूपात पुढे येतो. तेथे चालत्याबोलत्या संगणकाची हुबेहूब प्रतिकृती काही मिनिटांत तयार करता येते. या क्रियेला 'क्लोन करणे' म्हणतात. ही सोय एखाद्या आज्ञावलीत नव्याने घालायची असेल, तर ती घालणाऱ्याला कोणकोणत्या गोष्टींचा विचार करावा लागतो, ते आपण या लेखात पाहू.

आभासी यंत्र म्हणजे काय?

एका मोठ्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे राहतात. प्रत्येकाला आपापले दार, आपापली चूल आणि आपापले कुलूप असते. जमीन, भिंती आणि विहीर मात्र सर्वांची एकच. मोठ्या संगणकाचेही असेच करता येते. एका खऱ्या संगणकावर विशेष आज्ञावली चालवून त्याच्या पोटात अनेक 'आभासी' संगणक उभे करता येतात. प्रत्येक आभासी संगणकाला आपला प्रोसेसर, आपली स्मृती, आपली चकती आणि जाळ्याशी जोडणारे आपले कार्ड आहे असे वाटते. प्रत्यक्षात त्याला खऱ्या यंत्राचा एक वाटा मिळालेला असतो. खऱ्या संगणकाला 'यजमान' आणि आभासी संगणकाला 'पाहुणा' म्हणण्याची पद्धत आहे. वाटणी करणाऱ्या आज्ञावलीला 'हायपरवायझर' हे नाव आहे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात आयबीएम कंपनीचे केंब्रिज सायंटिफिक सेंटर होते. तेथे १९६७ साली 'सीपी-४०' ही प्रणाली वापरात आली. एकाच मोठ्या संगणकावर ती एका वेळी १४ आभासी यंत्रे चालवू शकत असे. १९७२ साली आयबीएमने 'व्हीएम/३७०' ही प्रणाली ग्राहकांसाठी जाहीर केली. त्या काळी संगणक अतिशय महाग असल्याने एका यंत्रात अनेकांची सोय करणे भागच होते. पुढे साधे, स्वस्त संगणकही पुरेसे शक्तिमान झाले आणि ही विद्या त्यांच्यावरही आली. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी 'झेन' हा हायपरवायझर २००३ साली जगापुढे मांडला. त्याच वर्षी फॅब्रिस बेलार या फ्रेंच आज्ञावलीकाराची 'क्यूएमू' ही आज्ञावली प्रसिद्ध झाली. फेब्रुवारी २००७ मध्ये 'केव्हीएम' हा भाग लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला.

हायपरवायझर अनेक झाले आणि प्रत्येकाची बोलण्याची तऱ्हा निराळी. म्हणून रेड हॅट या कंपनीत २००५ साली 'लिबव्हर्ट' नावाचे काम सुरू झाले. लिबव्हर्ट म्हणजे दुभाषा. व्यवस्थापकाने एकाच भाषेत हुकूम द्यावा आणि लिबव्हर्टने तो झेन, केव्हीएम इत्यादींना त्यांच्या त्यांच्या भाषेत समजवावा. त्याच्या आधाराने 'व्हर्ट-मॅनेजर' ही पायथन भाषेत लिहिलेली व्यवस्थापक आज्ञावली तयार झाली. पडद्यावरील खिडकीत आभासी यंत्रांची यादी दिसते आणि कळ दाबून यंत्र सुरू किंवा बंद करता येते. ही दोन्ही कामे मुक्त स्रोताची आहेत. म्हणजे त्यांची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि सुधारून परत देता येते. क्लोन करण्याची सोय या कुटुंबात अशीच मागाहून जोडली गेली. आधी 'व्हर्ट-क्लोन' हा टंकलिखित हुकूम आला आणि पुढे व्हर्ट-मॅनेजरच्या खिडकीतही ती सोय आली.

यंत्राचे दोन भाग : टिपण आणि चकती

क्लोन करायचा म्हणजे नक्की कशाची नक्कल करायची? खरा संगणक लोखंड, तांबे आणि सिलिकॉनचा असतो, त्याची नक्कल कारखान्यातच होते. पण आभासी यंत्र हाताने उघडून पाहिले, तर त्यात दोनच गोष्टी सापडतात.

पहिली गोष्ट म्हणजे एक टिपण. यंत्राचे नाव काय, त्याला स्मृती किती, प्रोसेसर किती, चकती कोठे ठेवली आहे, जाळ्याचे कार्ड कोणते, हे सर्व त्यात लिहिलेले असते. लिबव्हर्टमध्ये हे टिपण एक्सएमएल या लेखनपद्धतीत असते आणि एखाद्या पत्रासारखे वाचता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे चकती. ही चकती बहुधा यजमानाच्या चकतीवरील एक मोठी फाइल असते. पाहुण्याची कार्यप्रणाली, त्याच्या आज्ञावल्या आणि त्याची कागदपत्रे त्या फाइलीत असतात.

मग क्लोन करणे किती सोपे! टिपण उतरवून घ्या, फाइलीची नक्कल करा, झाले काम. लिबव्हर्टमध्ये 'संपूर्ण यंत्र क्लोन करा' असा एकच मोठा हुकूम ठेवलेलाही नाही. टिपण वाचणे, चकतीची नक्कल करणे आणि नव्या यंत्राची नोंद करणे असे सुटे हुकूम आहेत. विटा आहेत, भिंत आपण बांधायची. पण ती बांधताना चार ठिकाणी सावध राहावे लागते. ती ठिकाणे एकेक करून पाहू.

पहिली अडचण : लिहीत असलेल्याची नक्कल

किराणा दुकानाची शंभर पानांची खातेवही आहे, असे समजा. प्रत्येक पानावर एका गिऱ्हाइकाची शिल्लक लिहिलेली आहे. तुम्ही पहिल्या पानापासून वहीची नक्कल करू लागलात. तुम्ही पाचवे पान उतरवून पुढे गेलात. तेवढ्यात दुकानदाराने पाचव्या पानावरचे ५०० रुपये कमी करून ते ९५ व्या पानावर जमा केले. तुम्ही ९५ व्या पानाशी पोहोचलात तेव्हा तेथे वाढलेली रक्कम होती आणि ती तुम्ही इमानेइतबारे उतरवली. आता तुमच्या वहीची बेरीज करा. मूळ वहीपेक्षा ५०० रुपये जास्त! तुम्ही एकही आकडा चुकीचा लिहिला नाही, तरी तुमची वही खोटी ठरली. कारण तिची पाने निरनिराळ्या वेळेची आहेत.

चालू यंत्राच्या चकतीची नक्कल करताना हेच घडते. कार्यप्रणाली फाइलींची यादी एका जागी ठेवते आणि फाइलींचा मजकूर दुसऱ्या जागी. नक्कल चालू असता यादी बदलली, तर नव्या चकतीत यादी एक सांगते आणि मजकूर दुसराच निघतो. म्हणून व्हर्ट-क्लोन प्रथम मूळ यंत्राची अवस्था तपासते. यंत्र बंद किंवा थांबवलेले असेल तरच ती पुढे जाते. बंद केलेले यंत्र सर्वांत चांगले. कारण बंद होताना ते आपल्या स्मृतीतील अर्धवट लिखाण चकतीवर उतरवून मोकळे झालेले असते.

दुसरी अडचण : वेळ आणि जागा

शाळेच्या संगणककक्षात २० विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक सरावाचे यंत्र द्यायचे आहे, असे धरू. मूळ यंत्राची चकती २० गिगाबाइटची आहे आणि यजमान सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाने नक्कल करतो. एका नकलेला २०,००० भागिले १०० म्हणजे २०० सेकंद लागतील. वीस नकलांना ४,००० सेकंद, म्हणजे सुमारे ६७ मिनिटे. आणि जागा लागेल ४०० गिगाबाइट. तास संपला तरी सराव सुरू झालेला नाही!

यावर एक युक्ती आहे. भूगोलाच्या तासाला तुम्ही नकाशावर ट्रेसिंग कागद ठेवला असेल. खालचा नकाशा आरपार दिसतो. तुम्ही नद्या रंगवता त्या वरच्या कागदावर. मूळ नकाशा कोराच राहतो. चकतीचेही असेच करता येते. मूळ चकती खाली ठेवायची आणि प्रत्येक विद्यार्थ्यासाठी वर एक जवळजवळ रिकामी फाइल ठेवायची. वाचायचे झाल्यास आधी वरच्या फाइलीत पाहायचे, तेथे नसेल तर खालच्या चकतीतून घ्यायचे. लिहायचे झाल्यास मात्र नेहमी वरच्या फाइलीतच लिहायचे. या पद्धतीला 'लिहिताना नक्कल' म्हणता येईल. क्यूएमूच्या 'क्यूकाऊ-२' या फाइलप्रकारात ही सोय आहे. तेथे नक्कल सामान्यतः ६४ किलोबाइटच्या तुकड्यांनी होते.

आता हिशेब पुन्हा करा. प्रत्येक विद्यार्थ्याने सरावात अर्धा गिगाबाइट बदल केला, तर एकूण जागा २० अधिक १० म्हणजे ३० गिगाबाइट. आणि वरची फाइल तयार करायला क्षणभर पुरे.

मग पूर्ण नक्कल करावीच कशाला? ट्रेसिंग कागदाखालचा नकाशा कोणी ओढून घेतला तर? वर राहतील फक्त तुटक रेषा. खालची चकती खराब झाली, हलवली किंवा कोणी तिच्यात लिहिले, तर वरची वीसही यंत्रे एकदम निकामी होतात. म्हणून थोड्या दिवसांच्या सरावाला ट्रेसिंगची पद्धत बरी, आणि वर्षानुवर्षे स्वतंत्र चालवायच्या यंत्राला पूर्ण नक्कल बरी. व्हर्ट-क्लोनची मूळची रीत पूर्ण नकलेचीच आहे.

एक बारकावाही ध्यानात घ्या. यंत्राला जोडलेल्या प्रत्येक चकतीची नक्कल करायची नसते. केवळ वाचण्यासाठी जोडलेली सीडी किंवा अनेक यंत्रांनी मिळून वापरायची चकती नव्या यंत्रालाही तीच जोडली जाते. वाचनालयातील शब्दकोश प्रत्येक मुलासाठी नव्याने छापत नाहीत, तसेच हे.

तिसरी अडचण : बैठक क्रमांक

आता मुख्य मुद्दा. टिपण जसेच्या तसे उतरवले, तर जुळ्या भावंडांना एकच बैठक क्रमांक मिळतो. म्हणून टिपणातील चार गोष्टी बदलाव्याच लागतात.

पहिली, यंत्राचे नाव. दुसरी, चकतीच्या फाइलीचा ठावठिकाणा. हा बदलला नाही, तर दोन यंत्रे एकाच चकतीवर एकदम लिहू लागतील आणि दोघांचाही नाश होईल. तिसरी, 'यूयूआयडी' नावाचा १२८ बिटांचा क्रमांक. नाव माणसांसाठी असते; लिबव्हर्ट यंत्राला खरे ओळखते ते या क्रमांकावरून. चौथी, जाळ्याच्या कार्डाचा 'मॅक' पत्ता.

मॅक पत्ता ४८ बिटांचा असतो. जाळ्यातील स्विच हा पेटीवजा उपकरण पोस्टमनसारखे काम करतो. कोणता पत्ता कोणत्या दारी आहे याची तो यादी ठेवतो. दोन दारांवर एकच पत्ता असला, तर पत्रे कधी या दारी पडतात, कधी त्या दारी. दोन्ही यंत्रांचे बोलणे मधूनमधून तुटते. कारण मात्र सहसा लवकर सापडत नाही, कारण एकेकटे यंत्र तपासले तर ते ठीकच असते.

केव्हीएमच्या यंत्रांचे मॅक पत्ते प्रथेप्रमाणे ५२:५४:०० या आकड्यांनी सुरू होतात. हे आकडे षोडशमान पद्धतीचे आहेत. त्यातील पहिला ५२ द्विमान पद्धतीत लिहा : ०१०१००१०. उजवीकडून दुसरा बिट १ आहे. याचा अर्थ, 'हा पत्ता कारखान्याने दिलेला नाही, घरच्या घरी ठरवलेला आहे.' म्हणून तो एखाद्या कंपनीच्या खऱ्या कार्डाच्या पत्त्याशी जुळत नाही.

उरलेले २४ बिट यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडतात. २४ बिटांचे १,६७,७७,२१६ पत्ते होतात. इतके पत्ते असताना दोन यंत्रांना एकच पत्ता मिळेल का? वर्गात २३ मुले असली, तर कोणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, हे तुम्ही ऐकले असेल. तोच हिशेब येथे लागू होतो. २० यंत्रांच्या १९० जोड्या होतात. तेव्हा टक्कर होण्याची शक्यता सुमारे ८८,००० त एक. पण एकाच जाळ्यात सुमारे ४,८०० यंत्रे झाली, की ती शक्यता निम्म्यावर येते! म्हणून नुसत्या चिठ्ठीवर न विसंबता, निवडलेला पत्ता आधी कोणाला दिलेला नाही ना, हे आज्ञावलीने आपल्या यादीत पाहून घ्यावे लागते.

चौथी अडचण : काम अर्धवट राहिले तर?

समजा, तुम्ही आधी चकतीची नक्कल केली. त्यात पाऊण तास गेला. मग टिपणाची नोंद करायला गेलात, तर लिबव्हर्टने सांगितले, 'टिपणात चूक आहे, नोंद होणार नाही.' पाऊण तास फुकट गेला आणि बेवारस चकती मागे उरली. उलट, आधी नोंद केली आणि नक्कल चालू असता यजमानाची जागाच संपली, तर? यादीत नाव आहे पण यंत्र नाही, असा प्रकार होईल.

व्हर्ट-क्लोन यातून असा मार्ग काढते. नोंदीला क्षणभर लागतो, नक्कल करण्यास फार वेळ लागतो. म्हणून नोंद आधी करायची, म्हणजे टिपणातील चूक ताबडतोब कळते. त्यानंतर नक्कल सुरू करायची. ती फसली, तर आधी केलेली नोंद पुसून टाकायची. स्वस्त तपासणी आधी, महाग काम नंतर, आणि काम बिघडले तर आवराआवर, हा नियम प्रयोगशाळेतही तितकाच उपयोगी आहे.

आतली ओळख

येथवर केलेले सर्व बदल टिपणातले, म्हणजे यंत्राच्या बाहेरचे झाले. पण यंत्राची काही ओळख त्याच्या चकतीच्या आत लिहिलेली असते. जुळ्या भावाचे नाव हजेरीपटावर बदलले, पण खिशात जुनेच ओळखपत्र राहिले, असे समजा.

याचे एक खरे उदाहरण पाहा. क्लोन केलेल्या दोन लिनक्स यंत्रांचे मॅक पत्ते निराळे आहेत. तरीही दोघांना जाळ्यात एकच आयपी पत्ता मिळतो! हे कसे? आयपी पत्ते वाटणारी 'डीएचसीपी' नावाची सेवा असते. पत्ता मागताना यंत्र आपली खूण सांगते. लिनक्सच्या काही वितरणांत ही खूण मॅक पत्त्यावरून नव्हे, तर चकतीवर लिहिलेल्या १२८ बिटांच्या 'मशीन-आयडी'वरून तयार होते. क्लोनमध्ये तो जसाच्या तसा आला. वाटणाऱ्याला वाटले, मघाचेच यंत्र पुन्हा आले आहे. उपाय सोपा आहे. क्लोन करण्यापूर्वी ती फाइल रिकामी करून ठेवायची. पुढच्या वेळी सुरू होताना यंत्र आपला नवा क्रमांक स्वतःच तयार करते.

याहून गंभीर गोष्ट गुप्त किल्ल्यांची. दुरून यंत्रावर काम करण्यासाठी 'एसएसएच' ही पद्धत वापरतात. प्रत्येक यंत्राजवळ एक गुप्त किल्ली असते आणि तिच्या आधारे 'मी तोच आहे' हे ते सिद्ध करते. वीस क्लोनांत एकच किल्ली राहिली, तर एका यंत्राचा ताबा असलेला मनुष्य उरलेल्या एकोणीस यंत्रांचे सोंग घेऊ शकतो. सरावाच्या कक्षात हे चालून जाईल. पण त्याच मूळ प्रतीवरून रुग्णालयाचे किंवा पतपेढीचे यंत्र तयार झाले असेल, तर?

व्हर्ट-क्लोन पाहुण्याच्या चकतीच्या आत हात घालत नाही. ती फक्त बाहेरची ओळख बदलते. आतली साफसफाई करण्यासाठी 'व्हर्ट-सिसप्रेप' ही निराळी आज्ञावली आहे. ती जुन्या किल्ल्या, मशीन-आयडी, नोंदवह्या इत्यादी पुसून यंत्र कोरे करते. कामाची अशी वाटणी का केली असेल? पाहुणा लिनक्स असेल, विंडोज असेल किंवा तिसराच कोणी असेल. प्रत्येकाच्या घरातील कपाटे निराळी. बाहेरचे टिपण मात्र सर्वांचे एकाच पद्धतीचे. म्हणून जे काम सर्वांसाठी सारखे, ते एका आज्ञावलीकडे, आणि जे घरोघरी निराळे, ते दुसरीकडे.

सर्वांत सूक्ष्म अडचण चकतीत नसून स्मृतीत असते. काही प्रणाली यंत्राची चालू अवस्था स्मृतीसह साठवतात आणि ती अवस्था अनेकदा पुन्हा जिवंत करतात. गुप्त किल्ल्या तयार करायला लागणारे यदृच्छ आकडे ज्या बीजापासून निघतात, ते बीजही स्मृतीतच असते. दोन क्लोनांचे बीज एक, म्हणून त्यांचे 'यदृच्छ' आकडेही एकच! थॉमस रिस्टेनपार्ट आणि स्कॉट यिलेक या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले, की यामुळे खऱ्या वापरातील आज्ञावल्यांची गुप्तता फुटू शकते. त्यावर मायक्रोसॉफ्टने २०१२ साली एक उपाय आणला. यंत्राची प्रत निघाली किंवा ते मागच्या अवस्थेत गेले, की हायपरवायझर त्याला एक नवा क्रमांक दाखवतो. २०२२ साली लिनक्सच्या ५.१८ या आवृत्तीतही त्या क्रमांकाची दखल घेणारा भाग आला. क्रमांक बदललेला दिसताच पाहुणा आपले बीज नव्याने ढवळून घेतो.

पाहा, 'नक्कल करा' या दोन शब्दांच्या हुकमामागे किती विचार दडलेला आहे! नक्कल करणे हे यंत्राला सहज जमते. काय तसेच ठेवायचे आणि काय बदलायचे, हे मात्र माणसालाच ठरवून द्यावे लागते. मुक्त स्रोताच्या आज्ञावलीत हे सर्व निर्णय उघड्यावर लिहिलेले असतात. तुम्हाला पायथन भाषेची तोंडओळख झाली, की व्हर्ट-क्लोनची आज्ञावली तुम्ही स्वतः वाचू शकता आणि वर सांगितलेली प्रत्येक पायरी त्यात शोधू शकता.

स्वाध्याय

१. मॅक पत्त्याचा पहिला आकडा षोडशमान पद्धतीत ५४ असेल, तर तो घरच्या घरी ठरवलेला पत्ता आहे का? आणि ५६ असेल तर?

२. ५० गिगाबाइटच्या चकतीची नक्कल सेकंदाला १२५ मेगाबाइट वेगाने होते. १२ पूर्ण नकलांना किती वेळ लागेल?

३. ट्रेसिंगच्या पद्धतीने केलेल्या दोन क्लोनांपैकी एकाच्या वरच्या फाइलीत बिघाड झाला. दुसऱ्यावर काय परिणाम होईल? कारण द्या.

४. वर्गात करून पाहा : दहा चिठ्ठ्यांवर प्रत्येकी १० हा आकडा लिहा. एका विद्यार्थ्याने चिठ्ठ्या क्रमाने वहीत उतरवाव्या. तो तिसऱ्या चिठ्ठीच्या पुढे गेला, की दुसऱ्याने दुसऱ्या चिठ्ठीतील ५ कमी करून नवव्या चिठ्ठीत वाढवावे. शेवटी चिठ्ठ्यांची आणि वहीची बेरीज ताडून पाहा. नंतर नवव्या चिठ्ठीतून दुसरीत ५ हलवून तोच प्रयोग पुन्हा करा. शिक्षकांनी दोन्ही वेळच्या बेरजा फळ्यावर लिहून मुलांकडूनच कारण काढून घ्यावे.

उत्तरे : १. ५४ असेल तर नाही (०१०१०१००), ५६ असेल तर होय (०१०१०११०). २. ४,८०० सेकंद, म्हणजे ८० मिनिटे. ३. काहीही परिणाम होणार नाही. खालची चकती शाबूत आहे आणि वरच्या फाइली स्वतंत्र आहेत. ४. चिठ्ठ्यांची बेरीज दोन्ही वेळा १००. वहीची पहिल्या वेळी १०५ आणि दुसऱ्या वेळी ९५.